बोटं पुसा, मावशी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी देश मोजला.
म्हणजे पानं मोजली, पासपोर्टची, कोरी.
छत्तीस पानं, वर निळा पुठ्ठा,
अंगठ्याखाली सरसर सरसर,
आणि एखाद्या पानावर शाई केसभर जरी फुटली
तर पुस्तक उचलून लाल ट्रेमध्ये,
तिथून कातरयंत्राकडे.
का टाकलं, हे पुस्तकाला सांगायची पद्धत नाही.

संध्याकाळी गेटवर झडती.
ओचा, डबा, चपलेचा तळ.
झडती घेणारी यमुना गांगुर्डे, आमच्याच चाळीतली.
"हात वर कर गं," म्हणायची,
आणि त्याच दमात, "भरताची वांगी कुठून आणलीस?"

शेजारच्या स्टुलावर हलीमा अत्तार.
तिला नवे साहेब विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या?
चौक मंडईची.
त्याच्या आधी?
त्याच्या आधीपण चौक मंडईच होती की, साहेब.
मला कुणी कधी विचारलं नाही.
हे माझ्या लक्षात यायला
रिटायर व्हायची वेळ आली.

लेक मस्कतला नर्स. म्हणाली, आई, आता ये.
म्हणजे स्वतःसाठी एक पुस्तक मागणं आलं.

खिडकीपलीकडचा पोरगा विचारतो, जन्मतारीख?
आई सांगायची,
पुराचं पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं
त्या सालची तू.
दुतोंड्या मारुती पार बुडालेला,
दोन्ही तोंडं पाण्यात.
मास्तरांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं
आणि लिहिलं, एक जून.
माझ्या वर्गात अकरा जण एक जूनचे.
इतकी पोरं एका दिवशी जन्माला घालणं
सरकारलाच जमतं.

दाखल्यावर सुगंधा, आधारवर सुगंदा.
यातली खरी कोण, तो विचारतो.
घरीदारी सगळे मला सुगी म्हणतात.
पण त्याच्या यादीत सुगी नव्हती.

मग काच. खाली हिरवा उजेड.
चार बोटं ठेवा. ठेवली.
बोटं पुसा, मावशी.
पदराला पुसली.
पुन्हा ठेवा.
रेषाच येत नाहीत हो, काय काम करता तुम्ही?

काय सांगणार त्याला.
बाळा, कागदानं नेल्या.
कुणाच्या पुस्तकात सौदीला, कुणाच्या कॅनडाला,
कुणाच्या कपाटात साड्यांखाली,
गेल्या असतील थोड्या थोड्या.

ओल्या स्पंजवर बोटं दाबून
सातव्या खेपेला यंत्रानं मला ओळखलं,
किंवा कंटाळलं.

चौकशीला उपनगरचे हवालदार आले.
दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात म्हणाले,
ओळखणाऱ्या.
यमुना पीठ मळता मळता उठून आली.
"बावीस वर्षं रोज तपासलेली बाई आहे, साहेब.
काही सापडलं नाही."
आणि पिठाच्या हातानं सही.

पुस्तक पोस्टानं आलं.
आत पहिल्याच पानाशी
खुद्द राष्ट्रपतींच्या नावानं विनंती छापलेली:
हिला कुणी अडवू नये, अडचणीत मदत करावी.
इतकी वर्षं ते माझ्या हाताखालून जात होतं.
मी फक्त शाई बघायची.
आता उभ्या उभ्या दोनदा वाचलं,
आणि उगाच गेटवरचे वर केलेले हात आठवले.

मग सवयीनं अंगठा फिरला.
छत्तीस. बरोबर.
पण नवव्या पानावर थांबला.
खिडकीशी नेऊन पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं,
शाई फुटलेली, केसभर.
आमच्या सेक्शनमधून असं सुटत नसे.
कुणाच्या नजरेतून निसटलं, की कुणी मुद्दाम सोडलं,
हलीमाला विचारावं म्हटलं फोन करून.

नाही केला.
मिटलं, आणि तांदळाच्या डब्यात
खोल खुपसून ठेवलं.